बावीस पायऱ्या

वेधशाळेच्या तळमजल्यावर सूनबाई चार पडद्यांसमोर बसून हवामानाचा अंदाज काढायची, आणि तिचे सासरे, म्हणजे तिथले जुने निरीक्षक, त्या पडद्यांकडे बघून नाक मुरडायचे. बंद खोलीत बसून म्हणे यांना आभाळ कळतं! खिडकी उघडून बघा म्हटलं, तर आधी खिडकी कुठे आहे ते विचारतील.

"यंत्राला भरवाल तेच ते ओकणार," ते तिला ऐकवायचे. "यंत्राचं नि नोंदीचं जुळलं नाही, तर प्रत्यक्ष नोंद खरी धरायची."

नोंद म्हणजे अर्थात त्यांची. दर तीन तासांनी बावीस पायऱ्या चढून वरच्या खोलीत हवेच्या दाबाचा पारा वाचायचा. पण वर्षभर गुडघे कुरकुरत होते. मग खुर्चीतूनच मागच्या आकड्यात किंचित इकडेतिकडे करून ते नोंद ठोकून द्यायचे. कुणाला पत्ता लागला नव्हता, याचा त्यांना तोराही होता.

त्या दुपारी बाराची नोंद अशीच देऊन ते चहा पीत होते. सून आली.

"बाबा, मशीन म्हणतंय, दाब झपाट्याने उतरतोय, वादळ येणार. तुमच्या नोंदीत तर तो जागचा हललेला नाही. मी तुमचंच धरलं. धक्क्यावर वादळाचा बावटा लावू नका म्हणून कळवलं."

"आणि लाँच?"

"सुटली आत्ताच."

बेटाची ती लाँच त्यांचा मुलगाच चालवत होता. आत चाळीस माणसं. जिन्याचा कठडा धरधरून ते वर गेले. पारा त्यांच्या नोंदीपेक्षा नऊ मिलिबार खाली होता.

"लाँच परत बोलव!" ते जिन्यातूनच ओरडले. "मी वर गेलोच नव्हतो गं. नुसता आकडा लिहिला."

तिने वायरलेस उचलला. लाँच परत धक्क्याला लागली तेव्हा वाऱ्याने बावट्याची काठी वाकली होती. मुलगा नखशिखांत भिजला होता, पण सगळे सुखरूप होते. म्हातारा लाजेने अर्धमेला झाला होता. तिने एक शब्द बोलून झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

तीन वाजले. ते वही घेऊन जिन्याकडे निघाले.

"राहू द्या बाबा," त्यांच्या हातातली वही काढून घेत ती म्हणाली, "मी बघून येते."

पडद्यांकडे बघताना स्वतःची नजर कशी असायची, ते त्यांना आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत दिसलं.