जिन्यात कोण असेल?

लेकीच्या पत्राला उत्तर द्यायचं पुस्तकीकाका विसरले नव्हते; त्यांना ते जमत नव्हतं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासत दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात गेला, आणि आता स्वतःचं एक वाक्य कागदावर टिकत नव्हतं. पत्र एवढंच होतं : ‘बाबा, मी आता बरी आहे. मावशीकडे किती दिवस राहू? घरी येऊ का? पण जिन्यात कोण असेल?’

जिन्यात कोण होतं ते काकांना पाठ होतं. ती गच्चीच्या कठड्याशी रडत बसली होती, त्या दिवशी अख्खी इमारत वर लोटली. कुणी उपदेश सुरू केला, कुणी मोबाइल उगारला. चेअरमननी मनगट धरून तिला जिन्यातून फरफटत खाली आणलं. काका मागे मूग गिळून उभे.

आज त्याच इमारतीच्या हॉलमध्ये दवाखान्यातली नर्स शिकवायला आली होती : कुणी मनाने कोलमडलं तर शेजाऱ्यांनी काय करायचं. चेअरमन पहिल्या रांगेत.

“आम्हाला अनुभव आहे हो, सिस्टर. एक केस वाचवलीय आम्ही.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आता करून बघू,” नर्स म्हणाली. “एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं. कोलमडलेलं माणूस कोण होणार?”

“पुस्तकीकाकांना बसवा! नाहीतरी ते कुणाशी बोलत नाहीत,” मागून कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. काका उठले आणि मधल्या खुर्चीत मान घालून बसले.

लांब कुणीच झालं नाही. “अहो काका, असं काय करता?” “तुम्हाला काय कमी आहे?” “पाणी द्या रे त्यांना!” कुणीतरी फोटो काढला. चेअरमननी मनगट धरलं.

“सोडा!”

आपला आवाज एवढा मोठा आहे हे काकांनाही ठाऊक नव्हतं. “असंच धरलं होतंत तिला! हात काळानिळा पडला होता पोरीचा. वाचवलीत? तमाशा केलात! स्वतःच्या घरी यायला घाबरते ती, तुमच्यामुळे!”

“काका, हे नाटक आहे,” चेअरमन पुटपुटले.

“तुमचं असेल.”

तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ताडकन उठल्या. “चला, सगळे बाहेर. चेअरमनसाहेब, आधी तुम्ही. आणि तो फोन खिशात घाला.”

दार लोटलं गेलं. नर्स कोपऱ्यात थांबली. शिंपीणबाई खुर्ची ओढून बाजूला बसल्या. हात लावला नाही, बोलल्या नाहीत. मग घसा खाकरून त्यांनी सरळ विचारलं,

“काका, जीव द्यावा असं मनात येतं का?”

“नाही. राग येतो.”

“मग रागवा. मी बसलेय.” आणि त्या म्हणाल्या, “त्या दिवशी गच्चीवर तो मोबाइल माझा होता.”

काकांनी त्यांना माफ केलं नाही. पण मनातलं सगळं ओकले, आणि त्या मध्ये बोलल्या नाहीत. दाराबाहेर चेअरमनचा आवाज येत होता : “आत जायचं नाही म्हटलं ना!”

घरी येऊन काकांनी लिहिलं : ‘बाळ, ये. जिन्यात तीच माणसं आहेत. एकीला गप्प बसून ऐकता येतं. चेअरमन दाराबाहेर थांबू शकतात, दटावलं तर. मीही तिथेच असेन, या खेपेला पुढे. मला ओरडता येतं.’

एकही शब्द न खोडता त्यांनी पाकीट चिकटवलं. चेअरमन जिन्यात उभे होते. काका त्यांच्याकडे न बघता खाली उतरले आणि पत्र पेटीत टाकून आले.