खुर्ची कोणाची

काकांनी चाळीस वर्षांत फक्त खुर्च्या रंगवल्या. लाकडी, वेताच्या, एक तर हात मोडलेली. पण झाडून सगळ्या रिकाम्या. डोंगर नाही, फुलदाणी नाही, खुर्चीवर साधं मांजरसुद्धा नाही. तरी ती चित्रं विकली जायची, कारण हात काका चालवायचे आणि तोंड मावशी.

त्या नवराबायकोच्या फ्रेमच्या दुकानात एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने चित्र पसंत केलं, की मावशी ते जुन्या वर्तमानपत्रात बांधायला घ्यायची आणि सुतळीची शेवटची गाठ बसेपर्यंत त्या खुर्चीची गोष्ट सांगायची. भाची ठकी शाळेतून आली, की काचेच्या तुकड्यांतून पाय वाचवत काउंटरमागे येऊन ऐकत बसायची.

"ही दातांच्या डॉक्टरकडची. पेशंट इतका वेळ ताटकळला, की त्याला नवे दात आले. बिचारा लाजून निघून गेला, तेव्हाची ही."

एक वकील वर्षभराने परत आले. "वहिनी, पुढे काय झालं हो त्या पेशंटचं?"

"ते पुढच्या चित्रात आहे," मावशी म्हणाली. वकिलांनी तेही घेतलं. असं करत करत त्यांच्या भिंतीवर नऊ खुर्च्या झाल्या. चित्रं नीट दिसावीत म्हणून खऱ्या खुर्च्या बाहेर काढल्या, आणि अशिलं उभ्याने सल्ला घेऊ लागली.

या सगळ्यात काका आतल्या खोलीत सरस ढवळत असायचे. गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना ते मुके वाटायचे आणि उरलेल्यांना ते आहेत हेच ठाऊक नव्हतं.

मावशी जाऊन वर्ष झालं. त्या दिवसापासून काकांनी कुंचल्याला हात लावला नव्हता. ते नुसती काच कापायचे. मागणी असो नसो, कापायचेच. ठकीला ते बघवेना. उरलेली अकरा चित्रं भिंतीवर लावायची, जुनी गिऱ्हाइकं बोलवायची, असं तिने ठरवलं. माणसं चित्रांपुढे रेंगाळली, तर काकांनाही पुन्हा रंगवावंसं वाटेल.

रविवारी सकाळी वीसेक माणसं आली. ठकीने घसा साफ केला.

"ही खुर्ची. तैलरंग. दोन फूट बाय दीड फूट."

"बरं, पुढे?" वकील म्हणाले.

"पुढे... फ्रेम लाकडी आहे."

कुणीतरी जांभई दिली. जांभई दुकानभर फिरून आली. ठकीने घाईघाईने दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवलं. "ही एका राजाची खुर्ची."

"प्लास्टिकची?"

"राजा गरीब होता."

दोघीजणींना एकदम घरचं काम आठवलं. माणसं दाराकडे सरकू लागली, आणि आतला काच कापण्याचा करकर आवाज थांबला.

"राजाबिजा कोणी नाही," काका दारात येऊन म्हणाले. वकिलांना आधी वाटलं भिंतच बोलली. "खुर्ची हिची आहे. ही जरा टेकली, की मी हिच्या नकळत हिचं चित्र काढायला बसायचो. चेहरा सावकाश करू म्हणून खुर्चीपासून सुरुवात करायचो. खुर्ची होते न होते तोच गिऱ्हाईक यायचं, की ही उठली. मग उरलं तेवढं विकायला लावायचो."

"सगळी चित्रं?" ठकीने विचारलं.

"सगळी."

वकिलांनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या भिंतीवर नऊ वेळा वहिनीच?"

"उठून गेलेल्या."

"आणि त्यांना हे माहीत होतं?"

"सांगायला ती बसायची कुठे?"

मग कोणी हललं नाही. काका एकेका चित्रापुढे जाऊन सांगू लागले. इथे दूध उतू गेलं. इथे ठकीचं शाळेत डोकं फुटलं, ती चपला न घालताच धावली. एका चित्रापाशी ते जरा थांबले. "इथे गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या गप्प बसण्याला कंटाळून उठली." माणसं त्या रिकाम्या खुर्चीकडे अशी बघत राहिली, जणू आत गेलेलं माणूस आता चहा घेऊन येईल.

दुपारी सगळे पांगले. ठकी झाडू शोधत होती, तेवढ्यात काकांनी एक खुर्ची ओढत खिडकीजवळ आणली.

"ठके, बस."

"अहो काका, दारात वकील परत आलेत. त्यांना पुढची गोष्ट..."

"थांबेल. नऊ खुर्च्यांचा मालक आहे तो. तू बस."

ती बसली. कुंचला वर्षभरात लाकडासारखा कडक झाला होता. काकांनी तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून बोटांनी मऊ केला. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

"नाक मावशीवर गेलंय तुझं."

"खुर्चीपासून सुरुवात करणार ना?"

"छे," काका म्हणाले आणि कोऱ्या कॅनव्हासच्या मधोमध रंग टेकवला. "आज आधी चेहरा. या घरातल्या बायका कधी उठतील, भरवसा नाही."