फाटकातला स्क्रम

१९९४ साली आमच्या फ्रीगंजच्या शाळेचं मैदान कॉम्प्युटर क्लासच्या स्कूटरी लावायला द्यायचं ठरलं. तिथे रग्बी खेळणाऱ्या पोरांना हाकलून मुख्याध्यापक पागे सर फाटकाला कुलूप लावायला आले. त्यांच्या छडीला मास्तरलोकही घाबरत. मी तर ग्रंथपाल, पुस्तकाआड तोंड लपवणारा. तरी फाटकात जाऊन उभा राहिलो.

"मोघे, बाजूला व्हा!"

मी एक पाऊल मागे सरकलो. तेवढ्यात पोरांनी, रग्बीच्या स्क्रममध्ये भिडतात तसे हात एकमेकांत गुंफले आणि वाकून माझ्या पाठीला खांदे लावले.

"सर, डटे रहो!" कप्तान विक्रांत खालून ओरडला. "आम्ही पडू देणार नाही!"

"नाही होणार बाजूला," मी म्हणालो.

तो आवाज माझाच होता का, अशी मला अजून शंका येते. कुलूप मात्र पागे सरांच्या हातातच राहिलं.