मागची सीट

वळण डावीकडे जात होतं आणि मोटरसायकल सरळ चालली होती. समोरून ट्रक येत होता. मागच्या सीटवर बसलेल्या बाबांनी दोन्ही पावलं खाली दाबली, जणू तिथे ब्रेक असावा, आणि अंग काठीसारखं ताठ केलं. गाडी चालवणाऱ्या त्यांच्या लेकीने, भिंगरीने, ती आणखी डावीकडे झुकवली. गाडी हट्टी जनावरासारखी मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडेच ओढत राहिली. ट्रकचा भोंगा कानात शिरला, मग उजव्या हाताला एक अख्खी भिंतच भर्रकन निघून गेली. ताडपत्रीची सुटलेली दोरी बाबांच्या गुडघ्यावर सपकन बसली आणि रस्ता मोकळा झाला.

भिंगरीने गाडी कडेला घेऊन बंद केली. हेल्मेटचा पट्टा तिच्या बोटांना सापडेना. बाबा मागून उतरले. बापलेक कसेबसे रस्त्याच्या कठड्यावर टेकले. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं लोक चहा पिता पिता म्हणून टाकतात. त्यांनी एकदा त्या कठड्यावर येऊन बसावं.

"लागलं का बाबा तुम्हाला?"

"नाही."

"वळेचना ओ. मी वळवतेय, वळवतेय, आणि ती वळेचना." तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या हाताबाहेरची आहे ही गाडी."

बाबांनी तोंड उघडलं. गाडी का वळली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली होती त्यांची. बस कशीही डुलो, ड्रायव्हरने सीटवर सरळ बसायचं, ही त्यांच्या हाडात मुरलेली शिस्त. त्यात जमीन डावीकडून अंगावर येताना दिसली, आणि त्यांनी होतं नव्हतं तेवढं वजन उजवीकडे टाकलं. लेक एकीकडे झुकत होती, बाप दुसरीकडे ओढत होता. बिचारी गाडी तरी कुणाचं ऐकणार.

निघताना भिंगरी सांगायला लागली होती, "बाबा, मागे बसणाऱ्याने ना..."

"बस चालवणाऱ्याला बसायला शिकवतेस?" ते म्हणाले होते. ती हसली होती आणि विषय तिथेच संपला होता.

खरं तर ही फेरीच पैजेची होती. तलावावर पोहायला शिकवून शिकवून भिंगरीने ही गाडी घेतली होती. ती सुरू झाली की खिडकीच्या काचा वाजायच्या आणि बाबा हातातलं काम टाकून बाहेर यायचे. लेक परत येईपर्यंत ते फाटकाशी येरझाऱ्या घालायचे. विक ती, विक ती, असा त्यांनी धोशाच लावला होता. शेवटी ती म्हणाली होती, "एकदा माझ्यामागे बसा. तरी भीती वाटली तर विकते."

आता ती कठड्यावर बसून आपल्या हातांकडे बघत होती.

"विकून टाकते," ती म्हणाली.

सुंठीवाचून खोकला गेला. खरं सांगितलं तर ती गाडी ठेवणार, आणि अशाच वळणांवरून रोज एकटी जाणार. बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

घरी आईने त्यांच्या गुडघ्यावरचा वळ पाहिला.

"हे काय झालं?"

"कॉटचा कोपरा लागला."

"बरा दोरीसारखा लांब कोपरा आहे कॉटला," आई म्हणाली आणि तेलाची वाटी आणायला गेली.

गाडीवर कापड पडलं. भिंगरी चालत जाऊ लागली. फाटकाशी येरझाऱ्या घालण्याचं कारण उरलं नाही, आणि बाबांना वाटलं होतं आता तरी गाढ झोप लागेल. लागली नाही. रस्ता ओलांडताना लेक फार वेळ थांबते, दोन्हीकडे परत परत बघते, हे त्यांना गच्चीवरून दिसायचं.

एका दुपारी ती डबा विसरली म्हणून ते तलावावर गेले. भिंगरी काठावर उभी होती. पाण्यात शिडीला चिकटून एक पोक्त बाई होत्या, पाचावर धारण बसलेल्या. अशा माणसांना भिंगरी काय सांगते ते बाबांना तोंडपाठ होतं. घरात सगळ्यांनाच होतं. अंग सैल सोडा, पाणी धरतं आपल्याला, ताठ झालात की बुडालात.

"मला भीती वाटते गं," बाई म्हणाल्या.

भिंगरीने खोल पाण्याकडे पाहिलं.

"राहू दे मग आज," ती म्हणाली. "उद्या बघू."

बाबांनी डबा फाटकावरच्या माणसाकडे दिला आणि ते मागच्या मागे फिरले. आपल्या छातीतली भीती त्यांनी उचलून लेकीच्या छातीत ठेवली होती, आणि तिथे ती चांगली मूळ धरत होती. 

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. चष्मा लावलेला, बोलायला गोड माणूस. त्याने कापड काढलं, गाडीभोवती फिरला, टाकीवरून हात फिरवला.

"पडली आहे का कधी?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"मग एवढ्यात विकता का? दोष काय?"

"गाडीत काही दोष नाही. माझ्यात आहे."

बाबा पायरीवर बसून हे ऐकत होते. ते उठले.

"विकायची नाही," ते म्हणाले.

गिऱ्हाइकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अहो काका, आधी घरात ठरवायचं ना. एवढ्या लांबून आलोय मी."

"चुकलं आमचं. चहा घेऊन जा."

आईने चहा दिला. तो भुरके मारत पिऊन माणूस गेला. मग बाबा आत जाऊन दोन्ही हेल्मेट घेऊन आले. एक त्यांनी भिंगरीपुढे धरलं. 

"चल. त्या वळणापर्यंत."

"बाबा, नको. मला नाही जमणार आता."

"मागे कसं बसायचं ते तुझं सांगायचं राहिलं होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "मी सांगू दिलं नाही. आता सांग."

भिंगरीने हेल्मेट घेतलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिची नजर त्यांच्या उजव्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच थांबली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही बंद झाला.

"मी झुकेन तिकडे झुकायचं," ती सावकाश म्हणाली. "माझ्या त्याच खांद्यावरून पुढे बघायचं. अंग सैल सोडायचं."

"बरं."

गाडी सुरू झाली, काचा वाजल्या. गावाबाहेर येईपर्यंत ती इतकी हळू चालवत होती की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला.  बाबांचा गुडघा ठणकत होता. लांबून तो कठडा दिसला आणि उतरून चालत घरी जावं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

वळण आलं. भिंगरी डावीकडे झुकली. जमीन पुन्हा वर आली, खडा न् खडा दिसावा इतकी जवळ, आणि बाबांचं सगळं अंग उजवीकडे पळायला निघालं. त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावरून पुढे पाहिलं आणि स्वतःला त्या जमिनीकडे जाऊ दिलं.

गाडी वळली. हळूच हाक मारावी आणि कुणी वळून बघावं, इतक्या सहज वळली.

भिंगरी थांबली नाही. बरंच पुढे गेल्यावर तिने वेग कमी केला आणि मान न वळवता विचारलं, "त्या दिवशी उजवीकडे?"

"हो."

"आणि तिथे कठड्यावर बसलो तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

ती रागावली असती तरी चाललं असतं, पण नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला, आणि बाबा तिच्या पाठीकडे बघत बसले. पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

"धरून बसा," शेवटी ती म्हणाली. "पुढे उजवं वळण आहे."

बाबांनी तिच्या उजव्या खांद्यावरून पुढे पाहिलं. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.