दुसऱ्या भागातला माऊली

नीलाने पान उलटलं आणि तिचा हात थबकला. माऊली दार ढकलून आत आला होता आणि चहा मागत होता.

कादंबरीच्या पहिल्या भागाच्या शेवटी माऊली मेला होता. मंगळाच्या पोटातल्या वसाहतीची हवा वाचावी म्हणून त्याने बाहेर उभं राहून दार लावून घेतलं होतं. ते प्रकरण वाचताना नीला बदनापूर स्टेशनच्या बाकावर इतकी रडली होती, की जालन्याची गाडी समोरून निघून गेली तरी तिला कळलं नव्हतं. पुस्तक लिहिणारे रखमाजी सर तिला भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दुसऱ्या भागाची तिने पाच वर्षं वाट पाहिली होती.

सरांनी काहीतरी योजलं असणार, असं तिला वाटलं. जुळा भाऊ असेल, यंत्रमानव असेल. ती खुलाशासाठी वाचत राहिली. खुलासा आला नाही. पुढे एक अख्खा परिच्छेद दोनदा आला, एकही शब्द न बदलता. शेवटाकडे वसाहतीची प्रमुख तृप्ती मध्येच गिरिजा झाली आणि कुणीतरी तिला, भाकरी झाली का, असं विचारलं. गिरिजाबाई म्हणजे सरांची बायको.

नीलाने पुस्तक मिटलं.

शनिवारी सकाळी तिने भोकरदनची एसटी धरली.

सर ओसरीत बसले होते, दाढी नीट केलेली, सदरा इस्त्रीचा. तिला पाहताच ते उठले.

"ये, नीला. वाचलंस?"

"वाचलं, सर." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "एक विचारू? माऊली परत कसा आला?"

"परत?" सर हसले. "तो कुठं गेल्ता?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

नीला त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली. थट्टा असती, तर तिथे दिसली असती.

"मीच विसरले असेन, सर."

"तिसऱ्या भागाची वही दाखवतो," म्हणत सर उत्साहाने माडीवर गेले.

गिरिजाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"तूच पहिली इचारलंस, पोरी. बाकीचे छान छान म्हणून गेले."

"काकू, सरांना..."

"संभाजीनगरचे डॉक्टर इचारून राह्यले, हे विसरणं कधीपासून आहे. मी रोज त्यांच्याजवळ. मला दिसलंच न्हाई." त्यांनी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. "यात कुठून सुरू होतं, दाखव बरं."

नीलाने माऊली परत येतो ते प्रकरण काढून दिलं. प्रत्येक प्रकरणाखाली तारीख घालायची सरांची सवय होती. गिरिजाबाईंनी ती बोट ठेवून वाचली. दोन वर्षांपूर्वीची होती. त्या आत गेल्या आणि कपाटातून पहिला भाग घेऊन आल्या.

"आता यात बघ."

"यात काही नाही, काकू. मी कितीदा वाचलंय हे."

"तवा तू चुका बघायला बसली नव्हतीस. डॉक्टरांना बराबर सांगाया पाहिजे."

माडीवरून सरांची पावलं खाली येऊ लागली. नीलाने पहिलं पान उघडलं आणि हळू आवाजात पेन्सिल मागितली.