फुमिएबाईंचा बॉल

आमचं न्हाव्याचं दुकान आहे. तिथे आरशाच्या वर काचेच्या पेटीत एक बेसबॉल आहे. त्यावर मिकुरियाची सही. मिकुरिया म्हणजे बेसबॉलचा खेळाडू, आमच्या निशिनोमियात देवाच्या खालोखाल. तो निवृत्त झाला त्या दिवशी इथली अर्धी दुकानं बंद होती, त्यात आमचंही. त्याच दिवशी आमच्या ह्यांनी ही सही आणली, म्हणे स्टेडियमच्या मागच्या दाराशी भर पावसात उभं राहून. मिकुरियाने स्वतःची छत्री ह्यांच्या डोक्यावर धरली होती. एकतीस वर्षं ही कथा ऐकून माझे कान किटले आहेत. तोंडाला साबण लागला की गिऱ्हाईक पळू शकत नाही, आणि ह्यांची छत्री नेमकी तेव्हाच उघडते.

पेटीला हात लावायची मला बंदी होती. पण वर्षअखेरच्या साफसफाईत मी कसली बंदी-बिंदी जुमानत नाही. एकोणतीस डिसेंबरला सकाळी शिडीवर चढले, बॉल बाहेर काढला, पुसायला म्हणून फिरवला. मागच्या बाजूला त्याच पेनाने, त्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘फुमिएबाईंना.’

माझं नाव किनुए.

शिडीवरून पडले नाही एवढंच. सही आणली त्या दिवशी मला सर्दी झाली होती, तू झोपून राहा म्हणत हे एकटेच गेले होते. माझ्या सर्दीची एवढी काळजी का होती, ते आत्ता कळलं! रडूच येत होतं, पण गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती. मी बॉल परत ठेवला. फक्त फुमिए पुढे आणि सही मागे.

नवीन वर्षाआधी सगळ्यांनाच केस कापून हवे असतात. बाकावर पाच जण बसले होते, खुर्चीत निवृत्त पोस्टमन किताबाताके, तोंडभर साबण. त्यांनी वर पाहिलं.

“यासुजी, ही फुमिए कोण रे?”

ह्यांचा वस्तरा त्यांच्या गळ्याशीच थांबला. “ती... माझी आत्या.”

“तुम्हाला त्या नावाची आत्या नाही,” मी टॉवेल पिळत म्हणाले. “एकेचाळीस वर्षं तुमच्या पितरांपुढे भात मीच ठेवते. सगळी नावं पाठ आहेत मला.”

“अगं, जिवंत आहे ती.”

“मग बोलवा की नवीन वर्षाला जेवायला!”

“वहिनी,” किताबाताके हळूच म्हणाले, “आधी माझी दाढी होऊ द्या. वस्तरा माझ्या गळ्याशी आहे.”

“दाढी थांबेल. मी आज ओकायामाला बहिणीकडे चालले. फुमिए कोण ते कळेपर्यंत परत यायची नाही.”

मी थट्टा करत नव्हते. बॅग भरून ठेवली होती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे. पाचही जण त्या छत्रीवर विश्वास ठेवून म्हातारे झालेले. ह्यांनी वस्तरा मिटला.

“मी मिकुरियाला भेटलोच नाही,” हे म्हणाले. “चार तास रांगेत होतो. माझ्यापुढे दोघंच राहिले आणि त्याची गाडी निघून गेली. मग ओसाकात जुन्या वस्तूंच्या दुकानातून हा घेतला. दुसऱ्याचं नाव घातलेला बॉल कुणी घेत नाही, म्हणून स्वस्तात मिळाला. फुमिए कोण, मला काय ठाऊक!”

“आणि छत्री?” बाकावरून कुणीतरी विचारलं.

“माझीच.”

एकतीस वर्षांचा रुबाब माणसाने माझ्यापायी एका मिनिटात मातीत घातला. मला दया आली, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

किताबाताके साबणासकट उठले. मला वाटलं, आता ह्यांना फाडून खातात.

“म्हणजे मिकुरियाने स्वतःच्या हाताने नाव घालून दिलेला बॉल त्या बाईने विकला?”

मग काय, सगळा बाक फुमिएवर तुटून पडला. असली कृतघ्न बाई आख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं ठरलं. ह्यांच्या थापेचं कुणाला काही पडलंच नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर हे खाली मान घालून केस झाडत होते. झाडता झाडता म्हणाले, “तुझ्या नावाचा शोधला होता. त्या दुकानातली बॉलची आख्खी टोपली उपसली. पण किनुए नावाच्या एकीनेही विकला नव्हता.”

एकतीस वर्षं थापा मारणारा माणूस. हीही थापच असणार. तरी मी ओकायामाला फोन करून येत नाही म्हणून कळवलं, आणि एकतीस तारखेच्या रात्री, वर्ष संपताना खातात त्या नूडल्सवर ह्यांच्या वाडग्यात दोन तळलेल्या कोळंब्या ठेवल्या, माझ्यात एक.