वायनो सारेलाची शेड

आमच्या गावातल्या निम्म्या तरी सौना, वाफेनं अंघोळ करायच्या लाकडी खोल्या, वायनो सारेलाच्या हातच्या. सुतारकामात त्याचा हात धरणारा नव्हता, आणि तोंडाच्या बाबतीत तर नव्हताच नव्हता. महामार्गावरच्या दुकानातून मी पत्र्याची तयार शेड आणली, तेव्हा तो कुंपणापाशी आला, खिशात हात घालून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टॉर्स्टी, डबा झकास आहे रे. आत सार्डिन मासे ठेवणार का?" पुढं कितीतरी दिवस मी कॉफी प्यायला गेलो की कुणीतरी सार्डिनची चौकशी करायचंच.

ज्याला बांधता येत नाही तो विकत घेतो, असं त्याचं सरळ मत. आणि ते तो तोंडावर सांगायचा.

मग त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला, आणि ते तोंड बंद झालं. त्याला समजायचं सगळं, पण शब्द सापडायचे नाहीत. 'हो', 'नाही', एक शिवी आणि 'डबा' एवढंच शिल्लक राहिलं. भूक लागली तरी डबा, मी दारात दिसलो तरी डबा. त्याची बायको हिल्या शांतपणे त्याला भरवायची, अंघोळ घालायची, औषधं द्यायची. तिच्या सेवेला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

त्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढायला कुणी चढलंच नाही. त्यांच्या परसातली जुनी शेड एका सकाळी आतल्या होडीसकट खाली बसली. बर्फ वितळला, मोडकं लाकूड मी ओढून बाजूला केलं, आणि आता तिथं काय करायचं हा प्रश्न आला.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो तेव्हाचीच गोष्ट. हिल्यानं टेबलावर दुकानाचं रंगीत माहितीपत्रक उघडून ठेवलं होतं. वेलदोड्याचा पाव कापत ती म्हणाली, "हे बघ वायनो, अशी घेऊ. ट्रकवरून येते, ठेवून जातात. रंग नको, दुरुस्ती नको. कुजत नाही, गंजत नाही."

वायनोनं ते पत्रक डाव्या हातानं खाली ढकललं. "डबा!"

"डबा तर डबा. मग काय करू? फावडी, बर्फ हटवायचं यंत्र, सगळं घरात आणून ठेवू?"

त्यानं छातीवर थाप मारली. मग हवेत हातोडा चालवून दाखवला, डाव्या हातानं.

"तू बांधणार?"

"हो."

मी म्हणालो, "वायनो, अरे मोठं काम आहे ते. मी येतो मदतीला, माझा भाचा येईल..."

"नाही, टॉर्स्टी," हिल्या म्हणाली, "त्याचं त्याला करू दे. डॉक्टरांनीच सांगितलंय, हात चालता ठेवा. मग बांध वायनो. मात्र मला हवी तेवढीच हवी." तिनं त्याला लांबीरुंदी लिहून दिली आणि पाव पुढं सरकवला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे.

तो सगळा उन्हाळा वायनो परसात होता. आधी त्यानं जमीन एका पातळीत आणली आणि खडी पसरली. एक बादली अर्धी भरायची, डाव्या हातानं उचलायची, पाय ओढत न्यायची, ओतायची, की परत. खडी झाल्यावर गुडघ्यावर बसून तो पाणसळ लावून बघायचा, डोकं हलवायचा, पुन्हा दाताळं मारायचा. खाली त्यानं जाड तुळया टाकल्या, औषध मुरवलेल्या, म्हणजे ओल धरणार नाही. फळी कापताना ती उजव्या गुडघ्याखाली दाबून धरायची. खिळा दातात. पहिल्या महिन्यात त्यानं डावा अंगठा इतक्यांदा ठेचला की नख निळं होऊन गळून पडलं.

हिल्या दिवसातून दोन वेळा कॉफी घेऊन यायची. मी कुंपणाशी असलो तर माझा कप माझ्या हातात द्यायची, आणि वायनोचा त्याच्या उजव्या बाजूला ठेवायची. नेहमी उजव्याच. तो लुळ्या हाताकडे बघायचा, मग सगळं अंग वळवून डावा हात तिकडं न्यायचा. निम्मी कॉफी सांडायची.

"हळू रे," ती म्हणायची, "घाई कसली आहे तुला?"

एकदा मी कप उचलून त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. हिल्या ते बघत होती. दुसऱ्या दिवसापासून मला कॉफी यायची बंद झाली.

मी हे घरी साइमाला सांगितलं. माझी बायको मटार सोलत होती. ती थांबली नाही. "तुला काचघर आठवतं का हिल्याचं?" तिनं विचारलं.

आठवत होतं. ती शेड पडली त्याच जागी पूर्वी ते होतं. लोकांनी टाकून दिलेल्या खिडक्या गोळा करून हिल्यानं स्वतः उभारलेलं. आमच्याकडे उन्हाळा तो केवढासा, पण तिच्याकडे टोमॅटो पिकायचे. मग तिची बहीण आजारी पडली आणि हिल्या तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ राहायला गेली. बहिणीला पुरून परत आली, तर काचघर नव्हतं. वायनोनं ट्रॅक्टर घालून ते पाडलं होतं आणि होडीसाठी शेड घातली होती.

"त्याच आठवड्यात त्यांच्याकडे कॉफीला गेलो होतो आपण," साइमा म्हणाली. "मी विचारलं, काचघर कुठं गेलं? वायनो म्हणाला, कसलं काचघर, फुटक्या काचांचा ढीग होता तो. सगळे हसले. तूपण हसलास. हिल्यासुद्धा हसली."

"त्याला वीस वर्षं होऊन गेली."

"मग?" साइमा म्हणाली आणि मटाराचं भांडं घेऊन आत गेली.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा शेड पुरी झाली. एका हाताचं काम आहे असं कुणी ओळखलं नसतं. छप्पर चांगलं उतरतं, बर्फ टिकूच नये असं. वासे जवळजवळ, त्यांना आतून आडवे बांध. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, म्हणजे उंदीर शिरायला नको. वर गडद लाल रंग. आयुष्यात त्यानं पुष्कळ बांधलं, पण यापेक्षा चांगलं मी पाहिलं नव्हतं. शनिवारी तो स्वतः आमच्या दारात आला, माझी बाही धरून ओढू लागला. दाढी केली होती, चर्चला घालायचा सदरा घातला होता.

साइमा आणि मी गेलो. बाहेर टेबल मांडलेलं, त्यावर पाव, चीज, कॉफी. वायनो दार उघडून दाखवत होता, लावून दाखवत होता. कडी अशी बसायची की आवाज ऐकतच राहावा.

तेवढ्यात एक गाडी आत आली. मागं लांब ट्रेलर, त्यावर साखळी ओढायचं चाक. दोन भाऊ उतरले, हरणांच्या शिकारीला जाणारे, नदीपलीकडच्या गावचे.

"फुकट शेडची पाटी तुमचीच ना, बाई? दुकानात लावलेली?" थोरल्यानं विचारलं.

"माझीच," हिल्या म्हणाली. "ही काय समोर. न्या."

वायनोच्या हातातली कडी सुटली.

ते दोघं शेडभोवती फिरले, आत गेले, वासे ठोकून बघितले. थोरला बाहेर येऊन म्हणाला, "बाई, फुकट कशाला देताय? असं काम हल्ली बघायला मिळत नाही. कुणी बांधली?"

"काही कल्पना नाही," हिल्या कॉफी ओतत म्हणाली. "घराबरोबरच आली."

वायनो पाय ओढत पुढं आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. त्यानं छातीवर मूठ मारली, एकदा, दोनदा. ओठ हलले, मान ताणली गेली, आणि शेवटी शब्द बाहेर आला. "डबा!"

"छे छे, आजोबा," धाकटा हसला. "डबा कसला? चांगली भक्कम आहे."

"डबा! डबा!"

मला राहवलं नाही. "त्यानं बांधली आहे ही. या माणसानं, या उन्हाळ्यात, एका हातानं! रंगसुद्धा ताजा आहे, वास घेऊन बघा."

दोघे गोंधळले. थोरल्यानं वायनोच्या लुळ्या हाताकडे बघितलं, मग हिल्याकडे. हिल्यानं हलक्या आवाजात सांगितलं, "रंग मागच्या आठवड्यात त्यानं दिला. तेव्हापासून त्याला वाटतं, आपणच बांधली. आम्ही वाटू देतो. आमचा शेजारी फार मायाळू आहे."

त्यांनी माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. थोरल्यानं टोपी काढून वायनोला म्हटलं, "फार छान बांधलीत हं, आजोबा." लहान मुलाला म्हणतात तसं.

तुळयांखाली साखळ्या गेल्या. चाक फिरलं. शेड खडीवरून अलगद सरकली, कुठं करकरलीसुद्धा नाही. वायनो एका हातानं दाराच्या चौकटीला धरून तिच्यामागं फरफटत चालला होता. धाकट्यानं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला खुर्चीत आणून बसवलं.

ते गेले आणि काही वेळानं दुकानाचा ट्रक आला. करड्या रंगाची, प्लास्टिकची शेड. खडीच्या चौथऱ्यावर ती बोटभर इकडं नाही की तिकडं नाही, अशी बसली. ड्रायव्हर कौतुकानं म्हणाला, "बाई, वसंतात नोंदवताना तुम्ही म्हणाला होतात, चौथरा तयार असेल. पण इतका पाणसळीत चौथरा मी पहिल्यांदा बघतोय."

"माझ्या नवऱ्यानं केलाय," हिल्या म्हणाली. "त्याचा हात आहेच तसा."

साइमा उठून घरी गेली. मी थांबलो. ट्रक गेल्यावर विचारलं, "हिल्या, काचघरासाठी का हे?"

ती टेबल आवरत होती. "कसलं काचघर?" तिनं विचारलं.

त्या हिवाळ्यात बर्फ छातीइतका पडला. मी रोज सकाळी खिडकीतून बघायचो. त्या करड्या छपराला काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. विकतची शेड उत्तम निघाली, हे मला कबूल केलंच पाहिजे.

वायनो आणखी पाच वर्षं जगला. अंगावर कधी जखम नाही, कपडे नेहमी धुतलेले, नखं कापलेली. त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी, परस दिसेल अशी. 'हो' आणि 'नाही' हळूहळू गेले. शिवीसुद्धा गेली. मी गेलो की त्याच्याजवळ बसायचो आणि त्या लाल शेडच्या वाशांबद्दल, उतरत्या छपराबद्दल बोलायचो. सुरुवातीला तो माझा हात घट्ट धरायचा. नंतर तोंड फिरवायला लागला.

एकदा मी बसलेलो असतानाच नवे पाद्री घरी भेटीला आले. हिल्यानं त्यांना खिडकीशी नेलं आणि बर्फात निम्मी बुडालेली ती करडी शेड दाखवली.

"ती वायनोनं बांधली बरं का," ती म्हणाली. "झटका आल्यानंतर. एकट्यानं."

"खरं की काय!" पाद्री खाली वाकले आणि त्यांनी वायनोच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "धन्य आहात, सारेला. देवानं हातात केवढी कला दिली आहे!"

वायनोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी म्हणालो, "पाद्रीसाहेब, ती शेड..." पण ते हळवे होऊन त्याचा खांदा थोपटत होते आणि माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कुणी कौतुक केलं की असं होतं त्याला," हिल्या म्हणाली, आणि रुमाल घेऊन तिनं त्याचे डोळे हळुवारपणे पुसले.